वजनकाटा आणि शिंप्याची टेप

गेल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट मेलवर आला. पहिल्याच पानावर हिरव्या गोलात बीएमआय होता: २२.८, नॉर्मल. उंची १७० सेंटीमीटर, वजन ६६ किलो. उपाशीपोटी साखर ९७, तीही नॉर्मल. तिसऱ्या पानावर एकच आकडा लाल होता, ट्रायग्लिसराइड्स २१४. आणि 'कंबरेचा घेर' असं लिहिलेल्या ओळीपुढे नुसती रेघ. तो कोणी मोजलाच नव्हता. पॅकेजमध्ये डॉक्टरांशी पाच मिनिटं फोनवर बोलणं फुकट होतं. ते म्हणाले, "बारीक आहात, काळजीचं काही नाही. तेलकट कमी करा."

मी रिपोर्ट बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला. एरवी बाबा अंगठा दाखवून मोकळे होतात. त्या दिवशी त्यांनी फायलीतल्या एका जुन्या कागदाचा फोटो पाठवला. साल २००९. वजन ६१, साखर १०४, ट्रायग्लिसराइड्स २३८. खाली एक ओळ: "माझंही असंच होतं."

'असंच' म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. २०१३ साली नव्या चपलेने बाबांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ती दीड महिना भरेना. शेवटी साखर तपासली तर २९० निघाली. आईचा विश्वासच बसेना, कारण बाबा काडीपहिलवान. पतसंस्थेत दिवसभर खुर्चीवर बसून काम, पण अंगाने सडपातळ, पोट तेवढं किंचित पुढे. मधुमेह जाड माणसांना होतो, असंच आम्हाला वाटायचं. बाबांना तपासणाऱ्यांनाही बहुधा तसंच वाटत असावं, कारण २००९च्या कागदावरही कंबरेचा घेर नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. एखादा बग वारंवार दिसला की आम्ही ती ओळ मुळात कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली ते शोधतो. बाबांच्या आणि माझ्या रिपोर्टमध्ये इतकी वर्षं गेली, तरी दोन्हीकडे वजन होतं आणि कंबर नव्हती. हे कुठून आलं, ते मी शोधायला बसलो. हा लेख म्हणजे तो शोध.

सरासरी माणूस

बीएमआयचं सूत्र एका खगोलशास्त्रज्ञाचं आहे. बेल्जियमचे अडॉल्फ केतले. ग्रहताऱ्यांच्या मोजणीत वापरायचं सांख्यिकी त्यांनी १८३०च्या दशकात माणसांना लावलं. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्यांना दिसलं. कोण आजारी पडेल, हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९७२ साली, अमेरिकेतले अँसेल कीज आणि त्यांचे सहकारी लठ्ठपणा मोजायला सोपं सूत्र शोधत होते. पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांची मापं त्यांनी तपासली आणि केतलेंच्या जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. त्या पाच देशांत भारत नव्हता, आणि स्त्रिया तर कुठल्याच देशातल्या नव्हत्या. कीज यांनी हे सूत्र परिपूर्ण असल्याचा दावा केला नव्हता. उपलब्ध सूत्रांमध्ये ते निदान वाईट नाही, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. पण वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी सगळीकडे असते. त्यामुळे सूत्र चाललं, आणि 'किती' हा प्रश्न पक्का झाला. 'कुठे' हा प्रश्न मागे राहिला.

मार्सेयचा डॉक्टर

'कुठे' हा प्रश्न मात्र कीज यांच्या पंचवीस वर्षं आधीच विचारला गेला होता. फ्रान्समधल्या मार्सेय शहरात झाँ व्हाग नावाचे डॉक्टर होते. सारख्याच वजनाच्या दोन रुग्णांपैकी एकाला मधुमेह होतो आणि दुसऱ्याला होत नाही, हे त्यांना दिसत होतं. १९४७ साली त्यांनी एका फ्रेंच नियतकालिकात लिहिलं की लठ्ठपणा दोन तऱ्हेचा असतो. एकात चरबी शरीराच्या वरच्या भागात आणि पोटावर साठते, हा जास्त करून पुरुषी. दुसऱ्यात ती नितंब आणि मांड्यांवर साठते, हा जास्त करून बायकी. मधुमेह, हृदयविकार, गाऊट हे सगळं पहिल्या तऱ्हेच्या मागे येतं, असं त्यांचं निरीक्षण होतं.

१९५६ साली हेच त्यांनी इंग्रजीतही मांडलं. तरी फारसं कोणी मनावर घेतलं नाही. एक कारण बहुधा त्यांची मोजायची पद्धत. दंड आणि मांडी यांच्यातलं चरबी-स्नायूंचं प्रमाण काढून ते गुणोत्तर मांडायचे. गर्दीच्या दवाखान्यात हे कोण करत बसणार?

साधी टेप कामाला आली ती स्वीडनमध्ये. गोथेनबर्ग शहरात १९१३ साली जन्मलेल्या पुरुषांचा एक गट डॉक्टरांनी अभ्यासासाठी निवडला होता. १९६७ साली, म्हणजे हे लोक ५४ वर्षांचे असताना, त्यांतल्या ७९२ जणांची कंबर आणि नितंब मोजून ठेवले गेले. मग तेरा वर्षं वाट पाहिली. १९८४ साली निष्कर्ष छापून आला. हृदयविकार आणि पक्षाघात कोणाला झाला, हे बीएमआयपेक्षा कंबर-नितंबांच्या गुणोत्तरावरून जास्त कळत होतं. पुढच्याच वर्षी याच गटातल्या मधुमेहाचा हिशेब आला. बीएमआयचा परिणाम बाजूला काढला तरी, ज्यांचं हे गुणोत्तर मोठं त्यांना मधुमेह जास्त. व्हाग बरोबर होते, हे ठरायला जवळपास चाळीस वर्षं लागली.

त्याच सुमारास जपानमध्ये, ओसाकाला, युजी मात्सुझावा आणि त्यांचे सहकारी सीटी स्कॅनने पोटाच्या आत बघत होते. कातडीखालची चरबी वेगळी आणि आतड्यांभोवतीची वेगळी, हे आता चित्रात दिसू लागलं. याचं सगळ्यांत मजेशीर उदाहरण म्हणजे सुमो पैलवान. एवढं प्रचंड पोट, पण रोजचा सराव चालू असतो तोवर त्यातली बरीचशी चरबी कातडीखाली असते, आत कमी. उलट, शर्ट खोचल्यावर कळणारही नाही इतक्या छोट्या पोटात आतली चरबी भरपूर असू शकते.

रक्तातलं तेल

आता माझ्या रिपोर्टातल्या लाल आकड्याकडे येऊ. ट्रायग्लिसराइड्स म्हणजे चरबीचंच रूप. आपण खातो ते तूप-तेल आणि अंगावर साठते ती चरबी, दोन्ही मुख्यतः हेच. रक्तातून ती एका जागेहून दुसरीकडे नेली जाते.

१९५०च्या दशकात सगळी चर्चा कोलेस्टेरॉलची होती. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या मार्गारेट आल्ब्रिंक आणि एव्हलिन मॅन यांनी १९५९ साली दाखवलं की हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये ट्रायग्लिसराइड्सही वारंवार वाढलेले असतात. कोलेस्टेरॉलच्या गदारोळात ट्रायग्लिसराइड्स पुढची कित्येक वर्षं दुय्यमच राहिले.

दुसरा धागा इन्सुलिनचा. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ सालीच सांगितलं होतं की मधुमेही दोन प्रकारचे असतात: इन्सुलिन दिलं की साखर उतरते ते, आणि इन्सुलिन देऊनही जी हटवादीपणा करते ते. रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६०मध्ये मांडली, आणि मग कळलं की अनेक प्रौढ मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन चांगलं भरपूर असतं. ते असतं, पण शरीर त्याचं ऐकत नाही.

हे धागे एकत्र बांधले स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी. १९८८ सालच्या बँटिंग व्याख्यानात ते म्हणाले की न ऐकलं जाणारं इन्सुलिन, वाढते ट्रायग्लिसराइड्स, कमी झालेलं चांगलं कोलेस्टेरॉल आणि वाढता रक्तदाब ही वेगवेगळी दुखणी नाहीत, हे एकच कुटुंब आहे. त्याला त्यांनी 'सिंड्रोम एक्स' नाव दिलं. गंमत म्हणजे या यादीत त्यांनी कंबर घातली नव्हती. बारीक माणसांतही हे सगळं सापडतं, हे त्यांना माहीत होतं.

कंबर आणि ट्रायग्लिसराइड्स यांचा संबंध समजायला आपलं स्वयंपाकघर पुरे. कातडीखालची चरबी म्हणजे घरातली साठवणीची खोली. जास्तीचं धान्य तिथे नीट राहतं. खोली लहान असेल किंवा भरली, तर पोती ओट्यावर, गॅसपाशी, येण्याजाण्याच्या वाटेत येतात. शरीरात ही वाट म्हणजे आतड्यांभोवतीची जागा आणि यकृत. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनला दाद देत नाही, साखर सोडतच राहतं. जास्तीची चरबी ते ट्रायग्लिसराइड्सच्या रूपात रक्तात ढकलतं. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन बनवून हे कसंबसं सांभाळतं. तोवर साखरेचा आकडा नॉर्मलच दिसतो. ज्या दिवशी स्वादुपिंड दमतं, त्यानंतर साखर वाढते. म्हणजे साखर या गोष्टीत सगळ्यांत शेवटी येते. बाबांच्या २००९च्या कागदावर साखर अजून आलेली नव्हती, बाकीचे येऊन बसले होते.

साउथॉल आणि रास्ता पेठ

इथवरच्या गोष्टीत आपण कुठेच नाही. आपण येतो ते १९९१ साली.

लंडनच्या साउथॉल भागात पंजाबी आणि इतर दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे. पॉल मकीग आणि मायकेल मार्मट यांच्या गटाने तिथल्या साडेतीन हजारांहून जास्त लोकांना तपासलं. दक्षिण आशियाई लोकांमध्ये मधुमेह १९ टक्के, युरोपीय शेजाऱ्यांमध्ये ४ टक्के. फरक कुठे होता? दक्षिण आशियाई लोकांची कंबर नितंबांच्या मानाने मोठी, इन्सुलिन जास्त, ट्रायग्लिसराइड्स जास्त.

त्याच १९९१ साली पुण्यातल्या रास्ता पेठेच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. त्याचं सार असं: भारतीयांमध्ये रक्तातल्या वाढत्या साखरेचं नातं एकूण लठ्ठपणापेक्षा पोटाच्या लठ्ठपणाशी आहे. हे वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. आमच्या गावापासून पुणं बसने तीन तासांवर. निबंध १९९१चा, बाबांचा रिपोर्ट २००९चा. अठरा वर्षांत ही गोष्ट तीन तासांचं अंतर पार करू शकली नव्हती.

याज्ञिक पुढे आणखी मागे गेले, थेट जन्मापर्यंत. पुण्याजवळच्या सहा गावांत जन्मलेल्या ६३१ बाळांची मापं घेऊन ती इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं ३.५ किलोचं. आपल्या बाळाचं पोट लहान, दंड बारीक, सगळंच कमी. पण खांद्याच्या पात्याखालची चरबी मोजली तर तीत फरक सगळ्यांत कमी. म्हणजे अवयव आणि स्नायू यांच्यात कपात झाली, चरबी मात्र शाबूत राहिली. २००३ सालच्या या निबंधात अशा बाळाला 'थिन-फॅट' म्हटलं आहे. बारीक, तरी चरबीदार.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर: पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. 'वाय-वाय पॅराडॉक्स' या नावाने हा फोटो जगभर गेला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझ्या रिपोर्टातला हिरवा गोल आठवला. माझा बीएमआय २२.८.

दोन आकडे एकत्र

नुसती टेप पुरेशी आहे का? अगदी नाही. कंबर मोठी असली तरी चरबी कातडीखालची की आतली, हे टेपला कळत नाही. नुसते ट्रायग्लिसराइड्सही पुरेसे नाहीत, ते दारूने किंवा इतर कारणांनीही वाढतात. २००० साली कॅनडातल्या क्युबेकमधल्या झाँ-पिएर देप्रे यांच्या गटाने दोन्ही एकत्र ठेवले. कंबर ९० सेंटीमीटर किंवा जास्त आणि ट्रायग्लिसराइड्स साधारण १७७ किंवा जास्त, अशा पुरुषांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांच्या रक्तात धोक्याच्या तीन खुणा एकत्र सापडल्या. त्यांतली एक होती वाढलेलं इन्सुलिन. त्या नेहमीच्या तपासणीत कळत नाहीत, मोजायला महाग पडतात. टेप आणि एक स्वस्त रक्ततपासणी यांनी त्यांचा माग लागत होता. एकाने पोट किती ते सांगितलं, दुसऱ्याने खोली भरून सांडायला लागली की नाही ते.

मग प्रश्न आला रेषेचा. धोका नेमका किती इंचांपासून? २००१च्या अमेरिकी नियमांत पुरुषांसाठी १०२ सेंटीमीटर आणि स्त्रियांसाठी ८८ होते. २००५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने वंशानुसार वेगळ्या रेषा आखल्या. दक्षिण आशियाई पुरुषांना ९०, स्त्रियांना ८०. आपल्या पुरुषांसाठी रेषा १२ सेंटीमीटरने अलीकडे आली, म्हणजे जवळपास पाच इंच. २००९ साली बाबांची कंबर कोणी मोजली असती आणि तक्ता अमेरिकी असता, तरीही उत्तर 'नॉर्मल' आलं असतं.

२००५ सालीच चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने रक्त न काढता करायचा गुणांचा हिशेब मांडला. वय, कंबर, व्यायाम, आईवडिलांचा मधुमेह. शंभरपैकी ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. आज आशाताई घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात कंबरेचा घेर आहे आणि बायकांसाठी ८०, पुरुषांसाठी ९० याच रेषा आहेत. ऑफिसच्या चकचकीत पीडीएफमध्ये जे नव्हतं, ते आशाताईंच्या कागदावर आहे.

२०२३ साली आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे आले: भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही, आणखी १३ कोटींहून जास्त उंबरठ्यावर. पोटाचा लठ्ठपणा जवळपास ४० टक्के प्रौढांत.

दिवाळीची पँट

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. माझ्या जीन्सचा नंबर ३२. टेप म्हणाली ९२ सेंटीमीटर, म्हणजे ३६ इंचांच्या वर. जीन्स पोटाच्या खाली बसते, त्यामुळे तिचा नंबर कधी बदललाच नव्हता.

चेन्नईचा हिशेब मांडला. वय २८, शून्य गुण. कंबर, १०. दिवसभर लॅपटॉप आणि व्यायाम काही नाही, ३०. बाबांना मधुमेह, १०. एकूण ५०, मध्यम धोका. जरा हायसं वाटलं. मग वयाची पुढची ओळ वाचली. पस्तिशीला २० गुण. म्हणजे मी काहीच केलं नाही तर सात वर्षांनी नुसत्या वाढदिवसाने ७० होतील.

बाबा शेजारी बसून बघत होते. उठले आणि कपाटातून एक जुनी राखाडी पँट घेऊन आले. आमच्या गल्लीतल्या शिंप्याने २००४च्या दिवाळीला शिवलेली. मागची शिवण आतून दाखवली. दोनदा उसवून कापड सोडल्याच्या खुणा. "दोन-तीन वर्षांनी म्हणायचा, साहेब, वजन तेवढंच दिसतंय, कंबर मात्र सोडावी लागतेय." बाबा हसले. "त्याला कळलं होतं बघ."

खरंच कळलं होतं. त्याच्याकडे टेप होती, आणि तो तीच दर वेळी त्याच माणसाला लावत होता. फक्त त्याचा अर्थ काय, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांना अर्थ माहीत होता, त्यांनी टेप लावली नाही.

अर्थात टेप म्हणजे निदान नव्हे. मधुमेह आहे की नाही, ते साखरेच्या तपासणीतूनच ठरतं, आणि लाल आकडा आला तर डॉक्टरांकडे समोरासमोर जायला हवं. मीही गेलो. पण साखर येण्याआधीची जी वर्षं असतात, ती बाबांना कोणी दाखवली नाहीत. मला ती दिसली आहेत. चेन्नईतच झालेला आणखी एक अभ्यास २००६ साली छापून आला. उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं आणि खाणं बदललं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. याहून मोठं वचन मला कोणी देत नाहीये, पण एवढंही पुरेसं आहे.

सध्या रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटल्यावर पाऊण तास चालतो. ऑफिसच्या एचआरला मेल लिहिला की पुढच्या चेकअपमध्ये कंबर मोजा, शंभर रुपयांचीही टेप लागत नाही. उत्तर आलं, 'नोटेड'. बाबा दर महिन्याच्या एक तारखेला मेसेज करतात: "टेप?" मी आकडा पाठवतो. काल ८९ पाठवला. त्यांनी अंगठा दाखवला.